कॉर्बिनचं हेल्मेट

ऑगस्टमध्ये सराव सुरू होण्याच्या आदल्या दिवशी हार्लो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या प्रत्येकाला मर्नासमोर डोक्याची परीक्षा द्यावी लागे. खेळाडूंच्या दुखापती बघणं हे मर्नाचं काम. ती दहा शब्द वाचून दाखवी, ते लक्षात ठेवायचे. आकडे उलटे म्हणायचे. एका पायावर तोल सांभाळायचा. पुढे मोसमात कुणाच्या डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि गुण घसरले तर त्याला खेळू द्यायचं नाही. दुसरा मार जिवावर बेततो, हे ती दरवर्षी घसा फोडून सांगे. पण पळवाट काढणार नाहीत तर ती पोरं कसली. ऑगस्टमध्येच मुद्दाम चुकायचं, म्हणजे पुढे डोकं खरंच बधिर झालं तरी गुण जुळतात. जुने खेळाडू ही युक्ती नव्यांच्या कानात घालत. दोन वर्षांपूर्वी लायल हूकस्ट्राने ती कॉर्बिन टेटच्या कानात घातली. दहातले पाचच सांग लेका, उगाच हुशारी दाखवू नकोस, असंही वर बजावलं.

आज डिसेंबरच्या गार दुपारी अजिंक्यपदाचा सामना होता. सलग चौदा सामन्यांत संघ एकदाही हरला नव्हता, आणि कॉलेजच्या उभ्या आयुष्यात अशी वेळ आली नव्हती. निम्मं गाव दुकानांना कुलूप लावून अकरा तास गाडी हाकत आलं होतं. लायल सेंटर, म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणारा. तो घेणारा आणि फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजे कॉर्बिन. लायलचं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे उद्यापासून त्याच्यापुरता फुटबॉल संपणार होता.

तिसऱ्या सत्रात कॉर्बिनला दोघांनी मिळून आडवा केला आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. मर्ना त्याला कडेच्या तंबूत घेऊन गेली. थोड्या वेळाने तो अंगठा दाखवत बाहेर आला आणि लायलला हळूच म्हणाला, "बरोबर पाच." लायल हसला. त्या हसण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा हार्लो वीस, समोरचे चोवीस. चेंडू हार्लोकडे होता आणि तो पार शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुणांचा टचडाउन केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सगळे डोक्याला डोकं लावून कडं करून उभे राहिले. कॉर्बिन म्हणाला, "बगळा. दुसऱ्या हाकेवर."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पक्ष्यांची नावं दोन वर्षांपूर्वीची. प्रतिस्पर्ध्यांनी ती ओळखली म्हणून यंदा सगळ्या चालींना झाडांची नावं होती, बगळ्याचं ओक झालं होतं. कुणीतरी म्हणालं, ही काय थट्टेची वेळ आहे का. लायलने कॉर्बिनचे डोळे पाहिले. ते डोळे त्याच्याकडे बघत होते, पण कुठे पोचत नव्हते.

"ओक म्हणतोय तो," लायल घाईने बोलला. "चला, उभे राहा."

चेंडू सुटला, कॉर्बिनच्या हातांनी सवयीने फेकला, संघ बावीस यार्ड पुढे सरकला. मैदान दणाणलं. पुढच्या वेळी कॉर्बिन पुन्हा बगळा म्हणाला. लायलने पुन्हा काहीतरी जुळवून सांगितलं आणि आणखी अठरा यार्ड आले. असंच रेटत नेलं तर जमेल, असं त्याला वाटलं. तिसऱ्या खेपेला चेंडू सोडल्यावर कॉर्बिन नुसता उभा राहिला. एक आडदांड गडी त्याच्या अंगावर धावून येत होता. लायलने त्या गड्याला जेमतेम खांद्याने ढकललं. चेंडू खाली पडला, तो हार्लोच्याच एकाने झडप घालून धरला, आणि कॉर्बिन वाचला.

कोच पेल्झरांनी टाइमआउट घेऊन खेळ थांबवला. पंचवीस यार्ड बाकी, एकवीस सेकंद. घास हातातोंडाशी आला होता. कॉर्बिनने पाणी प्यायला हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. लायलने ते उचललं आणि चालत जाऊन मर्नाच्या हातात दिलं. हेल्मेटशिवाय कुणालाच मैदानात पाऊल टाकता येत नाही.

"त्याची ऑगस्टची परीक्षा खोटी आहे," तो म्हणाला. "मीच शिकवलं त्याला. तो आत्ता दोन वर्षांपूर्वीच्या चाली सांगतोय."

कोच धावत आले. "एकवीस सेकंद राहिलेत, लायल. आणि हे तुला आत्ता आठवतंय?"

मर्नाने हेल्मेट पेटीत टाकलं, पेटीला कुलूप लावलं आणि कोचकडे न बघता कॉर्बिनचा हात धरला. बदली पोरगा आत गेला. मोसमभर कडेला बसलेला तो, थंडीने त्याची बोटं ताठरली होती. दोन वेळा फेकलं, दोन्ही वेळा चेंडू गवतावर. चोवीस–वीस.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी लायलशी बोलेना. रुग्णवाहिकेची वाट बघत कॉर्बिन बाकावर बसला होता, शेजारी मर्ना. लायल जवळ गेला तसा त्याचा चेहरा खुलला.

"लायल, जिंकलो ना आपण?"

"हरलो."

"शेवटचा मी फेकला?"

"नाही. तुझं हेल्मेट मी मर्नाला दिलं."

कॉर्बिन रडला, मग त्याने अशा शिव्या दिल्या की मर्नाने मान खाली घातली. तुझं तोंड पुन्हा दाखवू नकोस, म्हणाला आणि भिंतीकडे वळला. पाच मिनिटांनी तो परत वळला, आणि लायलला बघून पुन्हा तितकाच खूश झाला. जिंकलो ना, म्हणाला. लायलने पुन्हा सगळं सांगितलं आणि पुन्हा सगळ्या शिव्या खाल्ल्या. तिसऱ्यांदाही तेच झालं.

मर्नाने लायलला बाजूला घेतलं. "जिंकलो म्हणून सांग बाबा. उद्या त्याला यातलं काही आठवणार नाही. कशाला दर वेळी शिव्या खातोस?"

लायल परत येऊन बाकावर बसला. कॉर्बिन वळला आणि हसला.

"लायल," तो म्हणाला, "जिंकलो ना आपण?"

"नाही, कॉर्बिन," लायल म्हणाला. "हरलो. तुझं हेल्मेट मी दिलं."