समक्ष शिकवणी

त्रीनूने चित्रफीत थांबवली, थोडी मागे नेली आणि पुन्हा चालू केली. पडद्यावर हेल्वेबाईंनी निळ्या काठाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि विचारलं, "सांगा बरं, धुरी दिलेला मासा कुठे मिळतो?"

एक फ्रेंच वळणाचा आवाज अडखळत म्हणाला, "औषधाच्या... दुकानात."

"औषधाच्या दुकानात? मग डॉक्टरांची चिठ्ठी आणा हं!" हेल्वे चष्मा कपाळावर सरकवून हसल्या.

ही ऑक्टोबरची शिकवणी होती. त्रीनूने शेजारी मार्चची लावली. तोच राखाडी स्वेटर, मागे तोच ओढलेला पडदा. कप, घोट, मासा, औषधाचं दुकान, चष्मा, हसू.

"एकच फीत आहे," पलीकडच्या टेबलावरून राइवो म्हणाला. "वरची तारीख तेवढी बदललीय. बाईंच्या नवऱ्याने तुला मामा बनवलं."

"मामा नाही, मामी."

"समक्ष म्हणून सही केलीस तर तेही राहणार नाही. परवाना जाईल तुझा."

करखात्याने विचारलं होतं ते एवढंच: ही शिकवणी समक्ष होते का? उत्तराखाली हिशेबनीस म्हणून त्रीनूची सही लागणार होती. हेल्वे जर्मनीतल्या, फ्रान्समधल्या, पोर्तुगालमधल्या माणसांना घरबसल्या एस्टोनियन शिकवत. शिक्षिका स्वतः त्या वेळी हजर असेल, तरच त्यांना करमाफी होती. आधी करून ठेवलेल्या फिती विकल्या, तर शिकणारा ज्या देशात राहतो त्या देशाचा कर लागणार, तोही मागच्या सगळ्या वर्षांचा. तेवढा भरायचा तर राहतं घर विकावं लागलं असतं. त्रीनूला वाईट वाटलं ते फसवणुकीचं. चार वर्षं ती त्यांचे हिशेब बघत होती. दर नाताळला हेल्वे कार्यालयात आल्याच्या बिस्किटांचा डबा घेऊन येत आणि तिच्या स्कार्फची गाठ स्वतः सारखी करत. गेल्या नाताळला मात्र डबा घेऊन त्यांचे यजमान लेम्बित एकटेच आले होते. हे तिला आत्ता आठवलं आणि तेही संशयातच जमा झालं.

न कळवता जायचं तिने ठरवलं.

दार लेम्बितनी उघडलं, पण अर्धंच.

"शिकवणी चालू आहे," ते म्हणाले. "उद्या ये."

"चालू आहे म्हणूनच आलेय."

"करखात्याला कॉफी दिली तर ती लाच होते का गं?"

"मी करखात्याची नाही, लेम्बित. तुमचीच आहे. निदान अजून तरी."

ते बाजूला झाले. तिने बूट काढले. आतल्या खोलीतून हेल्वेंचा आवाज येत होता, ठणठणीत, गाण्याच्या चालीवर असल्यासारखा. त्रीनू थांबून ऐकत राहिली. पुढचं वाक्य तिला पाठ होतं.

"सांगा बरं, धुरी दिलेला मासा कुठे मिळतो?"

तिने लेम्बितकडे पाहिलं. "फीत लावून ठेवलीत तुम्ही. आणि आतमध्ये कुणीच नाही."

लेम्बितनी खोलीचं दार हाताच्या पंजाने हळूच ढकललं, झोपलेलं मूल उठू नये तसं.

हेल्वे टेबलाशी बसल्या होत्या. कपातून वाफ येत होती. पडद्यावरच्या चौकटीत एक माणूस होता. "औषधाच्या... दुकानात," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट बघत थोडा पुढे झुकला. त्याच्या कडेला दोन बायका आधीच हसण्याच्या तयारीत होत्या.

"औषधाच्या दुकानात? मग डॉक्टरांची चिठ्ठी आणा हं!"

तिघंही हसली.

"गेल्या वर्षापासून हा एकच धडा राहिलाय तिच्याकडे," लेम्बित दबक्या आवाजात म्हणाले. "मी सगळ्यांना लिहिलं, पैसे परत घ्या, थांबवू या. तो फ्रान्सचा, ल्योंचा जेरार एस्टोनियन माझ्याइतकी बोलतो आता. म्हणाला, मी चुकत राहीन, तुम्ही काळजी करू नका." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "दिवसभर ती मला पाहुणा समजते. या तासात तेवढी हेल्वे असते."

त्रीनूची पिशवी खांद्यावरून घसरून कोपरात आली होती. आतल्या कागदावर फक्त तिच्या सहीची जागा रिकामी होती. समक्ष, की नाही. ती चौकटीकडे बघत होती. जेरारची दाढी बरीच वाढली होती. फितींमध्येही ती दाढी कोपऱ्यात महिन्यागणिक वाढत गेली असणार, पण त्रीनूने फक्त हेल्वेंकडे पाहिलं होतं.

सावली पडली म्हणून हेल्वे वळल्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अगदी प्रेमाने, आणि पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

"नवीन विद्यार्थिनी वाटतं? या, या. लेम्बित, खुर्ची द्या बाईंना. कुठे राहता तुम्ही?"

लेम्बित जागचे हलले नाहीत. ते त्रीनूच्या तोंडाकडे बघत होते.

"इथेच," ती म्हणाली. "तार्तूत."

"मग तुम्हाला येणारच. सांगा बरं, धुरी दिलेला मासा कुठे मिळतो?"

त्रीनूने पिशवी खाली ठेवली आणि स्वतःच खुर्ची ओढली.

"औषधाच्या दुकानात?"

"अगं बाई! तार्तूची असून?" म्हणत हेल्वेंनी चष्मा कपाळावर सरकवला, आणि तिकडे ल्योंमध्ये जेरारने टाळ्या वाजवल्या.