पट्टे येईनासे झाले तेव्हा

त्या यंत्रातून इलेक्ट्रॉन एकेक करून सुटत. समोर दोन बारीक फटी, त्यांच्यापलीकडे पडदा. पडद्यावर आधी नुसते ठिपके पडत, कुठेही, कसेही. तासाभराने मात्र त्याच ठिपक्यांचे उजळ आणि काळे पट्टे दिसू लागत, दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर उमटावेत तसे.

"निघतो एकटा, पण हजेरी दोन्ही दारांत लावून जातो हा गडी," असं तंत्रज्ञ बाईंना पहिल्याच दिवशी समजावलं होतं ते पंपवाल्या काकांनी. काका फारसे शिकलेले नव्हते. यंत्रातली हवा काढणारा पंप तेवढा सांभाळायचे. एकवीस वर्षं दोघं एकाच टेबलावर जेवले.

काका निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. बाई आता एकट्याच जेवायच्या, तेही उभ्या उभ्या. वर्षभरात पट्टे येईनासे झाले. पडद्यावर सगळा धुरकट डाग. बाईंनी फटी तपासल्या, तारा बदलल्या, तीन आठवडे डोकं खपवलं. शेवटी काकांना फोन लावला.

"काका, मी बोलतेय. प्रयोगशाळेतून."

"मी कोण?"

काकांना थट्टेची सवय होतीच, म्हणून बाई हसल्या. तेवढ्यात मुलीने फोन घेतला. "त्यांना हल्ली माणसं आठवत नाहीत हो. मलासुद्धा ताई म्हणतात."

बाई चाचरत म्हणाल्या, "त्यांना एवढंच विचाराल? पट्टे पुसले जाताहेत म्हणावं."

पलीकडून काकांचाच आवाज आला, अगदी पूर्वीसारखा खणखणीत. "पंपाखालचं रबर दगड झालं असेल. पंपाची थरथर यंत्रात शिरतेय. बदलून टाका."

बाईंनी रबर बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडद्यावर पट्टे उमटले, स्वच्छ, मोजून घ्यावेत असे. खोलीत दाखवायला कुणी नव्हतं. बाईंनी पुन्हा फोन लावला.

"काका, पट्टे आले."

"हो का? छान. मॅडम, तुम्ही ऑफिसातून बोलताय ना? माझ्या रजेचं काय झालं?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"मंजूर झाली," त्या म्हणाल्या.

"किती दिवस?"

"हवी तितकी घ्या."

"आभारी आहे," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.