लेखकाचं तेरावं

हिंगोलीच्या सभागृहात लेखक शिवहारराव आपल्या आत्मचरित्राविषयी बोलत होते. पहिली बायको साप चावून कशी मेली, ते सांगताना त्यांनी रुमालानं डोळे टिपले. पुढं बसलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला.

मागं बसलेल्या चंद्रभागाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती मेलेली बायको म्हणजे तीच. लेकीनं पुस्तकातलं ते पान वाचून दाखवल्यावर ती एसटीनं आपल्या गावाहून, हट्ट्याहून आली होती. या माणसानं तिला शेरडांमागं सोडून शहरात दुसरा संसार थाटला, तेही तिनं गिळलं होतं. पण जित्तेपणी सरणावर चढवलं, हे मात्र गिळवेना.

ती उठली आणि थेट माइकपाशी गेली.

“लेखकसायब, मी मेले, तर माझं तेरावं काहून घातलं न्हाई?”

शिवहाररावांचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं सगळ्यांदेखत गळ्यातलं मंगळसूत्र तोडून त्यांच्या पुस्तकावर टाकलं, आणि लोकांपुढं हात जोडले.

“ह्यांचं तेरावं मी उद्या घालून राहिले. समद्यांनी हट्ट्याला जेवाया या.”

दुसऱ्या दिवशी हट्ट्यात पंगतीवर पंगती उठल्या. हात धुता धुता एक म्हातारा रीतीप्रमाणं म्हणाला, “माणूस चांगला होता.”

“व्हय,” बुंदी वाढत चंद्रभागाबाई म्हणाली, “पुस्तकात.”