दोन विहिणींचा हंस

मी एक जुना हंस आहे. मित्रांनो, माझ्या पंखांकडे बघू नका. ते फायबरचे आहेत आणि जन्मात कधी हलले नाहीत. माझ्या पोटात दोघांपुरतं बाकडं आहे, खाली पायडलं आहेत आणि मधोमध बोट वळवायचा एक लोखंडी दांडा. गावाबाहेरच्या धरणाच्या तलावावर मी लोकांना फिरवतो.

माझा जन्म पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात झाला. माझ्या आधी त्याच जागेवर एक टाकी वाळत होती. त्यामुळे बुडाकडून गळायला लागलो, की आपण मुळात टाकीच आहोत असं मला अजूनही वाटतं. रंगाऱ्याने हंस पाहिलेला नव्हता. त्याने अंदाजाने डोळे काढले आणि हौसेने वर लांब पापण्याही काढल्या.

आमचा तलाव मात्र देखणा आहे. सकाळी समोरच्या टेकड्या पाण्यात उलट्या उभ्या राहतात. पाणकावळे अर्ध्या बुडालेल्या झाडावर पंख वाळत घालून बसतात. लोक बांधावरून चालायला येतात. येताना वजन कमी करायचा निश्चय करून येतात आणि काठावरच्या टपरीवर बसून तो मोडतात. तिथेच बोटवाले काका आम्हा बोटींची देखभाल करत, आणि पत्र्याच्या खोलीत काकू तिकिटं फाडत. सुरुवातीला मुलं धावत माझ्याकडेच येत. पुढे शेजारी बदकाच्या दोन नव्या बोटी आल्या आणि माझा भाव उतरला. दांडा सैल झाला. काकू रोज म्हणत, "अहो, त्या हंसाचा दांडा बघा." काका रोज म्हणत, "बघतो." बघायचं काम तेवढ्यावरच थांबत असे.

अशाच एका रविवारी एक कुटुंब तलावावर आलं. तरुण नवराबायको, त्यांची नुकती बसायला लागलेली लेक आणि दोन आज्या. नवऱ्याची आई शाळेतून हेडबाई म्हणून निवृत्त झालेली. बायकोच्या आईचं शिवणाचं दुकान. बाळ बसायला लागलं तरी त्याला नाव नव्हतं, कारण ते कुणी ठेवायचं यावर दोन्ही विहिणींचं घोडं अडलं होतं. घरात बोलणं होतं, पण 'मीठ द्या' इतकंच.

जावईबापूंनी दोन तिकिटं काढली आणि सांगितलं, "तुम्ही दोघी फिरून या. बाळाला आम्ही बघतो." सगळ्यांत जास्त वेळ परत न येणारी बोट कोणती, असं त्यांनी काकूंना आधीच हळूच विचारलं होतं. काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

निघाल्या निघाल्या गुडघ्यांवरून जुंपली.

"विहीणबाई, तुम्ही पाय मारू नका. तुमचे गुडघे दुखतात," हेडबाई म्हणाल्या.

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? परवा जिना चढताना कोण थांबलं होतं?"

"मी थांबले नव्हते. तुमची वाट बघत होते."

पुढे बराच वेळ दोघी इतक्या ईर्षेने पाय मारत होत्या, की बदकं मागे पडली. माझ्या आयुष्यात असं प्रथमच घडत होतं. मग तलावाच्या मध्यावर विषय नावावर आला आणि पाय थांबले.

"नाव चार अक्षरी हवं," हेडबाई म्हणाल्या. "हजेरी घेताना भारदस्त वाटतं."

"हजेरी घ्यायला ती काय तुमच्या वर्गात बसलीय? दोन अक्षरी सुटसुटीत. फ्रॉकवर मावतं तरी."

"फ्रॉकवर कशाला मावायला हवं?"

शिवणकाकू पाण्याकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "सात फ्रॉकांवर भरून झालंय."

हेडबाईंचा पारा चढला. "म्हणजे विचारायच्या आधीच नाव ठेवलंत," असं म्हणत त्यांनी रागाने दांडा ओढला. तो मुळासकट बाहेर आला.

"उपटलात तुम्ही," शिवणकाकू म्हणाल्या.

"उपटला नाही. हातात आला."

एवढ्यात वारा सुटला. तलाव भरला, की जास्तीचं पाणी एका उतरत्या फरशीवरून खाली कोसळतं. त्याला सांडवा म्हणतात. त्या दिवशी सांडवा वाहत होता आणि वारा मला तिकडेच ढकलत होता. दोघींनी पायडल मारून पाहिलं. पण दांडा नसल्यामुळे मी जागच्या जागी गोल फिरलो आणि पुन्हा सांडव्याकडे तोंड केलं. दोघी हात उंचावून ओरडू लागल्या. बांधावर चालणाऱ्यांनी ते पाहिलं आणि त्यांनीही आनंदाने हात हलवले. एका आजोबांनी तर टोपी काढून हलवली. जावईबापूंनी फोटो काढला.

"पोहता येतं तुम्हाला?" शिवणकाकूंनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मला तर मोठ्या बादलीचीही भीती वाटते."

हे ऐकून दोघींचे चेहरे पांढरेफटक पडले असावेत. माझं तोंड पुढे असल्यामुळे मला दिसत नव्हतं; मला समोरचा सांडवाच दिसत होता आणि मला तो अजिबात आवडला नाही.

सांडव्याच्या अलीकडे रिकामी पिंपं बांधलेली एक दोरी आडवी सोडलेली असते. तिच्याखालून माझी छाती सरकली आणि दोरी मानेला अडकली. माझी मान कडकड वाजू लागली. शिवणकाकूंनी खांद्यावरची शाल काढली. "मला मागून धरा," त्या म्हणाल्या आणि पुढे वाकल्या. हेडबाईंनी त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली.

"धरलंय ना?"

"धरलंय. तुम्ही गाठ मारा, मी सोडत नाही."

शालीचं एक टोक दोरीला आणि दुसरं बाकड्याच्या लोखंडी नळीला त्यांनी बांधलं. गाठ आवळली आणि माझी मान तुटली. पापण्यांसकट माझं डोकं पाण्यात पडलं, सांडव्याच्या कडेवर क्षणभर थांबलं आणि खाली गेलं. बऱ्याच वेळाने खालून खडकावर आपटल्याचा आवाज आला. शाल मात्र टिकली.

डोकं गेल्यावर पुढचं मला कसं कळलं, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, माणसांचंही डोकं जातं, तरी ती बोलतच राहतात.

दोघी किती तरी वेळ एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. दूरवर काका वल्ही मारत येताना दिसले, तेव्हा हेडबाई घसा खाकरून म्हणाल्या, "तीन अक्षरी चालेल?"

शिवणकाकूंनी विचार केला. "तीन मावतील. टाका जरा बारीक घालावा लागेल."

"आणि ते सात फ्रॉक?"

"उसवेन. उसवायला काय लागतं?" मग त्या म्हणाल्या, "नाव तुम्ही सुचवा. मला तीनात काही सुचत नाही."

"दोघी मिळून बघू," हेडबाई म्हणाल्या. काका येईपर्यंत त्यांनी चार नावं काढली आणि चारही नावांवर भांडल्या; पण हात सुटले नव्हते.

माझं डोकं खालच्या ओढ्यातल्या झुडपात सापडलं. काकांनी फायबरवाल्याकडून ते बसवून घेतलं. त्याने घाईत ते उलटं बसवलं. काका संतापले. काकू म्हणाल्या, "राहू द्या. निदान हा तरी गिऱ्हाइकाकडे बघेल." दांडा मात्र त्याच दिवशी नवा बसला. त्याला तेलपाणी करायला काकू स्वतः उभ्या राहिल्या.

तेव्हापासून मी माणसांची तोंडं बघत प्रवास केला. कोण खरंच पाय मारतं आणि कोण नुसता आव आणतं, हे मला दिसू लागलं. त्या दोघी पुढे कित्येक वर्षं येत राहिल्या. दोघींच्या मधे नात बसे आणि दांडा तिच्याच हातात असे.

आता माझ्या बुडाला इतकी ठिगळं आहेत, की मूळचा मी किती उरलो आहे कुणास ठाऊक. काकांनी मला लव्हाळ्यांत बांधून ठेवलं आहे. या वर्षी एका पाणकोंबडीने माझ्या बाकड्यावर काड्या रचल्या आणि अंडी घातली. उभ्या आयुष्यात एकाही पक्ष्याने मला पक्षी मानलं नव्हतं. ती दाणापाणी शोधायला गेली, की अंड्यांवर नजर ठेवणारा मीच.

म्हणून मित्रांनो, एकच विनंती आहे. आमच्या तलावावर जरूर या, बांधावरून चाला, टेकड्या पाहा. लव्हाळ्यांत एक उलट्या मानेचा हंस दिसला, तर हसा, मला राग नाही. फक्त जरा हळू हसा, आणि खडे मारू नका. सध्या माझ्या घरी लहान मुलं व्हायची आहेत.