कॅमेऱ्यामागचा आवाज

तेजश्रीने स्टँडचा एक पाय दगडावर टेकवला, कॅमेरा सरळ झाल्याची खात्री केली आणि भिंगाला डोळा लावला. अंथुर्ण्याच्या मुक्ताबाई पदर सावरून ओट्यावर बसल्या होत्या. कॅमेऱ्याला लागूनच माईक घेऊन उभ्या असलेल्या इंद्रजितने विचारलं,

“आजी, आपल्या बालपणीच्या गावाचे वर्णन आपण कसे कराल?”

मुक्ताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मान खाली घालून लुगड्याचा काठ चिमटीत धरून बसल्या.

“टेप वाया जातेय,” इंद्रजित कुजबुजला.

वालचंदनगरच्या शाळेतला हा टीव्हीचा कार्यक्रम तेजश्री आणि माधवीने आठवीत असताना सुरू केला होता. बारामतीहून भाड्याने आणलेला कॅमेरा, प्रयोगशाळेतला एक टीव्ही, आणि बातम्या वाचायला तेजश्री. बातम्या म्हणजे कबड्डीचे निकाल आणि हरवलेल्या छत्र्या. मग शाळेने स्वतःचा कॅमेरा घेतला. केबलवाल्या हिंदुरावांनी रविवारी संध्याकाळचा अर्धा तास दिला आणि शाळा कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या घराघरांत दिसू लागली. मुलं वाढली, कामं वाटली गेली. कुणीतरी म्हणालं, तेजश्रीच्या बोलण्यात मधूनच तिचं गाव, लासुर्णे, येतं. भांडण झालं नाही. ती कॅमेऱ्यामागे गेली, एवढंच. आता ती दहावीत होती, आणि तिला हाक मारली जायची ती बहुधा दिवा सरकवायला.

या आठवड्यात केबल प्रथमच लासुर्णे-अंथुर्ण्याला पोचणार होती. म्हणून ही मुलाखत.

भिंगावरचा डोळा न काढता तेजश्री म्हणाली, “आजी, दिवसभर काय करता तुमी?”

मुक्ताबाईंनी मान वर केली. “काय करायचं? पोरगा कारखान्यात, सून रानात. मी म्हशीसंगं बोलती. ती कान हलवती. तेवढंच.”

“आन् म्हस चरायला गेली म्हंजी?”

“मग गप बसती.” त्या हसल्या आणि बोलू लागल्या. पाण्याला बरोबर जाणाऱ्या बायकांची नावं त्यांनी घेतली, एकेक गेली त्या क्रमाने. टेप संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर दोन व्हीसीआर जोडून मुलाखतीची जुळवणी सुरू झाली.

“किती छान बोलल्यात गं,” माधवी म्हणाली. “फक्त प्रश्न इंद्रजितच्या आवाजात घेऊ. सुरुवातीला ओळख करून देताना तो दिसतो आणि पुढे आवाज तुझा, लोक गोंधळतील. चालेल ना तुला?”

तेजश्रीने होकारार्थी मान हलवली. इंद्रजितने तिचे प्रश्न शुद्ध करून कागदावर उतरवले आणि स्वच्छ वाचले. आवाज बदलायचं बटण तेजश्रीनेच दाबलं. दुसऱ्या कुणाला ते नीट जमत नव्हतं.

रविवारी लासुर्ण्यात घरातले सगळे टीव्हीपुढे बसले.

“ही तर आपल्याकडंच बघून बोलती,” आई म्हणाली.

तेजश्री पडद्याकडे बघत होती. शेवटी इंद्रजितचा आवाज आला, “आजी, आता आम्ही आपला निरोप घेतो.”

“च्या घिऊन जा, पोरी,” मुक्ताबाई म्हणाल्या.

धाकटा भाऊ बुद्धघोष हसला. “पोरी? पोरगी कुठाय हितं?”

आईने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तेजश्रीकडे.

“तुजं नाव कुठं आलं न्हाय?” वडलांनी विचारलं.

“शेवटी येतं,” तेजश्री म्हणाली. “पटकन जातं.”

पुढच्या रविवारी दुपारी शाळेत नव्या कार्यक्रमाची बैठक होती. तेजश्रीने फाट्यावर सायकल थांबवली. वालचंदनगरकडून ऊस रिकामा करून आलेला एक ट्रॅक्टर तिला ओलांडून गेला. तिने सायकल अंथुर्ण्याच्या रस्त्याला वळवली.

मुक्ताबाईंनी तिला ओळखलं, ते तिने “आजी” म्हटल्यावर.

“तूच व्हय ती. यंत्र कुठाय?”

“न्हाय आणलं.”

“मग काय इचारायला आलीस?”

“काय न्हाय.”

मुक्ताबाई सरकल्या. तेजश्री ओट्यावर बसली. समोरच्या घरावर केबलची नवी काळी तार वाऱ्याने हलत होती.

“मी लई बोलले त्या दिशी,” मुक्ताबाई म्हणाल्या. “आता तू बोल.”

तेजश्रीने घसा साफ केला, पाठ ताठ केली. मग आपण बातम्या वाचायला बसल्यासारखं बसलोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने खांदे सैल सोडले.

“काय बोलू?”

“आसंल ते.”