पुठ्ठ्यातले चार धडे

लेक परीक्षेला बाहेरून बसणार होती. बाइंडर बापाने कुठूनशी अभ्यासक्रमाची यादी मिळवली, विज्ञानाच्या पुस्तकातले वगळलेले चार धडे उसवले, त्याच पानांना खळ लावून पुठ्ठा केला आणि उरलेलं पुस्तक झकास बांधून दिलं. आपली बांधणी जन्मात सुटत नाही, असा त्याचा तोरा होता.

पेपरच्या आदल्या दिवशी लेक हॉलतिकीट घेऊन चेहरा पाडून परतली. "बाबा, ती यादी गेल्या वर्षीची होती. यंदा ते धडे आहेत. वीस गुणांना."

बापाच्या तोंडचं पाणी पळालं. पुठ्ठा भिजवून तो पानं सोडवायला बसला. खळ पक्की होती. चिंध्याच हाती येत होत्या. लेकीने एक तुकडा उजेडात धरला. धडा गेला होता, खालचे प्रश्न तेवढे शाबूत होते.