लुसेराने डोंगर मागितला

गायींनी डोंगर मागितला तो मार्चमध्ये. एकोणीस तारखेचा सान होसेचा सणसुद्धा अजून व्हायचा होता. लुसेरा, म्हणजे कळपाची म्होरकी, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, फाटकाशी उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली ती हलेचना. तिच्यामागे एकेक करून बाकीच्या आल्या. त्यांचा धनी सेवेरो त्यांच्याकडे बघत राहिला आणि त्याला काही म्हणजे काही कळेना.

एरवी यात न कळण्यासारखं काय असतं? हिवाळा इथे खाली, एस्त्रेमादुराच्या सखल कुरणात काढायचा. जूनमध्ये ऊन चटके देऊ लागलं की गायी आपणहून फाटकाशी येतात. माणसाने फाटक उघडायचं आणि त्यांच्यामागून चालत ग्रेदोसच्या डोंगरात जायचं. दिवस माणूस ठरवत नाही. सेवेरोच्या बापाने ठरवला नाही, आजाने नाही. मांसासाठी वासरं न्यायला आलेले व्यापारी विचारायचे, यंदा कधी निघणार, तर सेवेरो म्हणायचा, "मला काय विचारता, लुसेराला विचारा." ते हसायचे, पण सेवेरो थट्टा करत नसे.

यंदा मात्र सगळंच उफराटं झालं होतं. शरदातला पाऊस रुसला, फेब्रुवारीत उन्हाळ्यासारखं तापलं आणि गुडघाभर व्हायचं गवत वीतभर असतानाच पिवळं पडलं. पेंढ्याच्या गाठी संपत आल्या होत्या. पेंढा टाकला तरी गायी दोन घास घेत आणि पुन्हा फाटकाकडे वळत.

त्याची बायको कासिल्दा बादली घेऊन आली. "काय रे, मुहूर्त बघतोयस का?"

"त्या मागतायत."

"मागू देत. मीही लग्नापासून गरम पाण्याचा नळ मागतेय. वर बर्फ आहे, सेवेरो. बेनिग्नाने कालच सांगितलं फोनवर, उंबऱ्यापर्यंत आलाय म्हणे."

"तुझी बहीण चार बोटं बर्फ पडला तरी उंबऱ्यापर्यंत म्हणते."

"आणि तू गायीचं शेपूट हललं तरी देव बोलला म्हणतोस."

सेवेरोला बायकोचं खरं असावं असं वाटे, आणि लुसेराकडे पाहिलं की तिचंही खरं वाटे. ती आजवर कधी चुकली नव्हती. कुरणात तर खायला काही उरलं नव्हतं, हे दिसतच होतं. काढता पाय घ्यावा तर वर बर्फ, थांबावं तर खाली उपासमार. कालवडींतली एक पहिलारू होती, आज-उद्या व्यायची, तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. शेवटी त्याने फाटक उघडलं. कासिल्दाने त्याला कुळासकट शिव्या घातल्या आणि मग मुकाट्याने पाव, चोरिसोची मसालेदार सॉसेजं आणि घोंगड्या बांधून घेतल्या. एकट्याला कशी सोडणार?

वाटेत सगळं झकास चाललं, हेच वाईट झालं. ओढ्याकाठी हिरवं गवत मिळालं, गायी पोटभर चरल्या, घंटा वाजवत पुढे निघाल्या. सेवेरोचा जीव भांड्यात पडला. "बघ," तो म्हणाला, "हिला कळतं." कासिल्दा काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही की त्याला जास्त भीती वाटे.

खिंडीच्या जुन्या फरसबंद वाटेवर वारा बदलला. वरच्या वळणापलीकडे सगळं पांढरं होतं. वाट नव्हती, कुंपण नव्हतं, गवताची काडी नव्हती. लुसेरा बर्फाच्या कडेला थांबली. नाक लावून तिने बर्फ हुंगला, एक खूर आत घातला आणि काढून घेतला. मग वळली, थोडी खाली आली, पुन्हा वळली. मागून येणाऱ्या गायी एकमेकींना रेटू लागल्या. पहिलारू थरथरत होती, मधूनच पाठीची कमान करून कण्हत होती. तिच्या कळा सुरू झाल्या होत्या.

"आता?" कासिल्दाने विचारलं.

"थांब. ती ठरवेल."

"सेवेरो, ती तुझ्याकडे बघतेय."

त्याने आधी मागे वळून पाहिलं, तिथे आणखी कुणी आहे की काय म्हणून. कुणी नव्हतं. लुसेरा खरंच त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत त्याने आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तिलाही काही कळत नव्हतं. ऊन जूनचं होतं, म्हणून तिने डोंगर मागितला होता. आता इथे जानेवारी होता आणि बिचारी दोन ऋतूंच्या मध्ये सापडली होती. सेवेरोला तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. आजवर आपला सगळा भार आपण या मुक्या जनावरावर टाकला होता, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं, आणि त्याला रडू फुटलं.

कासिल्दाने घोंगडी पहिलारूच्या पाठीवर टाकली. "हे वासरू इथे पडलं तर गारठून जाईल. खाली चला. पण ती हलल्याशिवाय एकही हलणार नाही."

सेवेरो कळपातून वाट काढत लुसेराच्या पुढे जाऊन उभा राहिला. गायींच्या पुढे तो कधीच चालला नव्हता. आपलीच पाठ त्याला उघडी पडल्यासारखी वाटली. तिच्या मानेवर थोपटून तो उतरणीला लागला. क्षणभर मागे काहीच आवाज आला नाही. मग तिची जड घंटा वाजली, आणि एकेक करून सगळ्या.

"कुठे नेतोयस त्यांना?" कासिल्दाने मागून ओरडून विचारलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला आणि चालत राहिला. गायी मात्र विश्वासाने त्याच्या मागे येत होत्या.